वरवंडच्या माजघरातील मोठा पडदा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्यास वरवंड हे गाव बहुधा मोटारीच्या काचेतूनच दिसते. हडपसर, लोणी काळभोर, जेथे महात्माजींनी १९४६ साली निसर्गोपचार आश्रम काढला ते उरुळी कांचन, मग यवत, मग चौफुला, आणि पाटसच्या अलीकडे, पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरांवर वरवंड. डावीकडे थोड्याच अंतरावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनामुळे ते नाव आपल्या वाचकांस अपरिचित नाही. मुलूख मुळात अवर्षणाचा. परंतु खडकवासल्याहून निघालेल्या मुठेच्या कालव्याने आणि गावच्या व्हिक्टोरिया तलावाने त्याची कळा पालटली. आम्ही गेलो ते पौषात. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, गुऱ्हाळे पेटलेली, आणि हवेत काहिलीतल्या रसाचा तो गोड, किंचित करपट वास. प्रवाशाने मोटारीतून उतरावे असे त्या वासात काहीतरी असते खास.

गावास आणखी एक मान आहे. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस निघणारी श्रीतुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडास येते व एक रात्र येथे राहून उंडवडीकडे, पुढे बारामतीकडे वळते. महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला असे सांगतात. ज्येष्ठ वद्याच्या अखेरीस ती एक रात्र गावातील प्रत्येक ओसरी वारकऱ्यांनी भरते. दुसऱ्या दिवशी पहाटे टाळांचा आवाज लांबत जातो आणि मागे राहिलेल्यांस पंढरपूरची उरलेली वाट मनानेच चालावी लागते.

निदान पूर्वी मनानेच चालावी लागे. दिल्लीस दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबईस ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली, आणि १९७३ साली सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्याच्या बाजूस दिसू लागले. तेव्हापासून या बाजूच्या घरांवर लोखंडी नळ्यांचे उंच एरिअल सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. वारा सुटला की एकाने कौलांवर चढून नळी फिरवायची, दुसऱ्याने अंगणातून ‘आले, आले; गेले!’ असे ओरडायचे, हा खेळ चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या वाचकांस आठवत असेल. १९८२ साली रंग आले. १९८७-८८ साली रविवारच्या सकाळी ‘रामायण’ पाहण्यास आळीच्या आळी एका घरात जमू लागली. आज आषाढी एकादशीची पंढरपूरची महापूजा पहाटे घरबसल्या पाहावयास मिळते. वरवंडातील ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घरी संच निवडण्याचा प्रश्न उपस्थित झाला तो या एकादशीच्याच निमित्ताने.

घर आमच्या स्नेह्यांचे. दोघे भाऊ, त्यांची कुटुंबे, मुले-सुना-नातवंडे आणि भावांच्या मातोश्री मिळून तेरा माणसे. जुना संच बंद पडलेला. दोघा भावांनी मिळून ₹६०,००० बाजूस काढले होते. त्यांत आजींनी आपल्या गाठीचे दहा हजार घातले होते. रक्कम अगदीच लहान नाही, पण उधळावी अशीही नाही. मध्यम स्थितीतील घरास एकदाच खर्च करता येईल आणि मग सात-आठ वर्षे निभवावी लागेल अशी. या रकमेचे काय करावे यावर घरात तीन पक्ष पडले होते. थोरले भाऊ म्हणत, नावाजलेल्या घराण्याचे ४३ इंची दोन संच घ्यावेत, एक आपल्या खोलीत व एक धाकट्याच्या, म्हणजे कटकट नाही. धाकट्यांचा मुलगा म्हणे, ७५ इंचांच्या खाली पाहूच नये, स्वस्तात मिळतो. धाकट्या वहिनी म्हणत, संच एकच आणि माजघरातच हवा. मग तो केवढा का असेना.

आजी काहीच बोलत नव्हत्या. त्यांचे वय ८४. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. गुडघ्यांमुळे पालखी पाहण्यास हमरस्त्यापर्यंत जाणे तीन वर्षांपासून बंद. दोन संच दोन खोल्यांत गेले असते तर त्या कोणाच्या खोलीत जाऊन बसल्या असत्या? कोणाच्याच नाही, हे त्या घरातील प्रत्येकास ठाऊक होते आणि म्हणूनच बहुधा कोणी बोलून दाखवीत नव्हते. दोन संचांची योजना तशी सोयीची होती हे नाकारण्यात अर्थ नाही. एकत्र कुटुंबात क्रिकेट आणि मालिका यांचे सख्य कधीच नसते. परंतु वहिनींनी एक मार्ग सुचविला: साडेसात ते साडेनऊ आजींचे व बायकांचे, सुट्टीच्या दिवशी दुपार मुलांची, सामना असेल त्या दिवशी सामन्यास मान. हे वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटविले गेले आणि दोन संचांचा पक्ष बारगळला. उरला प्रश्न केवढा व कसला याचा.

अशा वेळी लोक प्रथम दुकानात धावतात. आमचे मत असे की प्रथम टेप घेऊन घरात फिरावे. वरवंडचे माजघर १९ फूट लांब, १२ फूट रुंद. लांबीच्या एका टोकास चौकाकडचे दार. त्यातून दिवसभर उजेड आत येतो. त्या दारासमोरच्या भिंतीस पडदा लावला असता त्यात चित्रापेक्षा चौकातील तुळशीवृंदावनच अधिक दिसले असते. म्हणून लांबीच्या भिंतीवर, मधल्या दोन खांबांमधील सहा फुटांची जागा ठरली. समोरच्या भिंतीशी टेकून बसणाऱ्यांचे अंतर भरले १० फूट. मुले सतरंजीवर बसतात, ती पाच-सहा फुटांवर. आजींचा पलंग कोपऱ्यात. संचाच्या भिंतीपासून सात फूट पुढे आणि मध्यापासून सात फूट बाजूस. म्हणजे त्यांचेही अंतर जवळजवळ दहा फूट, परंतु दृष्टी ४५ अंश तिरकी. हे तीन आकडे कागदावर आले आणि निम्मी निवड तेथेच झाली.

संचाचे माप कर्णाने सांगतात हे अनेकांच्या ध्यानी नसते. ५५ इंची संच सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो, ६५ इंची १४४, आणि ७५ इंची १६६. साधारण नियम असा की, कर्णाच्या इंचांस १.६ ने गुणावे. येईल तितक्या इंचांवर बसले असता चित्र डोळ्यांत भरते आणि मान वळवावी लागत नाही. या हिशेबाने ५५ इंचास सव्वासात फूट, ६५ इंचास पावणेनऊ फूट, ७५ इंचास १० फूट. सतरंजीवरच्या मुलांचा विचार करता ६५ हे माप या घरास सोयीचे, आणि ४३ तर दहा फुटांवरून पोस्टकार्डासारखे दिसावे.

आता त्या बहुचर्चित ‘फोर-के’विषयी. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात चित्राचे ठिपके ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत असतात. ‘फुल एचडी’त ते १९२० गुणिले १०८०, सुमारे २१ लाख, फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. आकडा मोठा, पण डोळ्याची शक्ती ठरलेली. निरोगी डोळ्यास एक अंशाच्या साठाव्या भागाहून लहान अंतर वेगळे दिसत नाही. त्यामुळे ६५ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके साडेआठ फुटांपलीकडे एकमेकांत मिसळून जातात, फोर-केचे सव्वाचार फुटांपलीकडेच. दहा फुटांवरून पाहणाऱ्या थोरल्या भावांस दोहोंत फरक कळणार नाही. पाच फुटांवरच्या नातवंडांस कळेल. ६५ इंचांत आज बहुतेक संच फोर-केच असतात, म्हणून तो गुण पदरात आपोआप पडतो. त्यासाठी निराळे पैसे मोजू नयेत, आणि ‘एट-के’च्या वाटेस तर जाऊच नये.

आजींच्या बाबतीत गोष्ट आणखी निराळी. ज्याची दृष्टी अर्ध्यावर आली आहे त्यास अक्षर दुप्पट मोठे लागते. ठिपके चौपट केल्याने त्याचे काही भागत नाही. ४३ इंची पडद्याची उंची २१ इंच, ६५ इंचीची ३२. बातम्यांच्या तळाशी सरकणारी अक्षरे त्यामुळे दीडपट होतात. वृद्ध माणसांच्या घरी मोठा पडदा ही चैन नव्हे, चष्म्यासारखीच ती एक सोय आहे, असे आम्हांस त्या दिवशी प्रथमच इतक्या स्पष्टपणे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिरूरकडे निघालो. चौफुल्याहून केडगाव, पारगाव, भीमा ओलांडून न्हावरे असा तो रस्ता. मुळा-मुठा भीमेस मिळते ते वाळकीचे संगमस्थान या वाटेपासून फार दूर नाही. पौषातली भीमा शांत, काठाने उसाचे हिरवे पट्टे, आणि पुलावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरमागे पाव तास अडकून पडण्याचा योग. पुढे नगर रस्त्यावर रांजणगाव. अष्टविनायकांतील महागणपतीचे दर्शन घेऊन बाहेर आलो तो समोरच औद्योगिक वसाहतीच्या बसगाड्या. एलजी आणि हायर या दोन्ही परदेशी कंपन्यांचे कारखाने येथे असून त्यांत दूरचित्रवाणीचे संचही तयार होतात. ज्या तालुक्यास एके काळी दुष्काळी म्हणत, त्याच तालुक्यातून पडदे तयार होऊन घरोघर जातात, हे पाहून थोरल्या भावांस मोठी मौज वाटली. ‘मग येथेच स्वस्त मिळत असेल की!’ असे ते म्हणाले. तसे मात्र नाही. संचाचा जीव म्हणजे त्याची काच. ती बहुतांशी चीन, तैवान, कोरिया येथून येते आणि येथे तिची जोडणी होते. किंमत सर्वत्र जवळजवळ सारखीच. करही सर्वत्र एकच: ३२ इंचांवरील संचांवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे.

शिरुरातील दुकानात भिंतभर पडदे झळकत होते. प्रत्येकावर पोपट, फुले, डोंगरावरील सूर्योदय. हे चित्रपट दुकानासाठीच बनविलेले असतात आणि रंग जाणूनबुजून भडक ठेवलेले असतात. आम्ही विक्रेत्यास नम्रपणे तीन विनंत्या केल्या. पहिली, नेहमीचे बातम्यांचे केंद्र लावावे. घरात जे यावयाचे ते बहुधा साधेच प्रक्षेपण. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या जुन्याच मापाच्या. तेथे एका ठिपक्याचे चित्र वीस ठिपक्यांवर ताणावे लागते, आणि हे ताणण्याचे काम कोणता संच नीट करतो ते तेथेच कळते. आंतरजालावरून येणारे खरे फोर-के चित्र हवे तर सेकंदाला सुमारे २५ मेगाबिटांची जोडणी लागते, आणि कित्येक ठिकाणी सर्वांत महाग वर्गणीही. दुसरी विनंती, रंगांची मांडणी ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ यावर आणावी. तिसरी, आवाज त्या संचाचाच ऐकवावा.

मग विक्रेता बोलत असता आम्ही सर्वजण पडद्याच्या बाजूस, आजींच्या पलंगाच्या कोनात, जाऊन उभे राहिलो. त्यास प्रथम काही उमगेना. पण फरक लगेच दिसला. काचेच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. ‘व्हीए’ जातीचा काळा रंग गहिरा, समोरून चित्र सुरेख, परंतु बाजूस सरकताच रंग फिके पडतात. ‘आयपीएस’ जातीचा काळा रंग अंधारात थोडा राखी दिसतो, पण बाजूने चित्र टिकते. नवराबायकोने रात्री दिवे मालवून चित्रपट पाहावयाचा असेल तर पहिली जात उत्तम. तेरा माणसांच्या माजघरास, जेथे निम्मी माणसे कडेलाच बसतात आणि दिवा नेहमी लागलेलाच असतो, तेथे दुसरीच हवी. ‘ओलेड’ या दोहोंहून सरस, काळा रंग खरोखर काळा आणि बाजूनेही चित्र स्वच्छ. पण त्याची किंमत आमच्या रकमेच्या कितीतरी पलीकडे.

पंचाहत्तर इंची संच तेथे होता, किंमत ₹५९,९९०. चिरंजीवांचे डोळे त्यावरच. आम्ही त्यास न रागावता बातम्या लावून बाजूस उभे केले. निवेदिकेचा चेहरा पांढुरका झाला, हिरवी साडी राखाडी. त्याने दोनदा जागा बदलून पाहिली आणि मग स्वतःच म्हणाला, ‘काका, आजीला तर हे भूतच दिसेल.’ तेथे तो प्रश्न मिटला, आणि ज्याने सोडविला त्यालाच त्याचे श्रेय मिळाले हे अधिक चांगले झाले.

अखेर घेतला तो ६५ इंची, फोर-के, आयपीएस काचेचा साधा संच, ₹५३,०००. पडद्याच्या विविध दिमाखी नावांचा, सेकंदाला १२० चित्रांचा, अशा अधिक गुणांचा मोह टाळला. संचातील ‘बुद्धी’ म्हणजे आंतरजालाची व्यवस्था चार-पाच वर्षांत जुनी होतेच. तेव्हा थोडक्या पैशांत बाहेरून एक लहानशी कांडी जोडता येते. काच मात्र बदलता येत नाही. त्यामुळे पैसा काचेत घालावा. उरलेल्यांपैकी ₹५,५०० आवाजाच्या पट्टीस दिले, कारण आजकालचे संच इतके सडपातळ झाले आहेत की त्यांस आवाज काढावयास छातीच उरलेली नाही. संगीत ऐकू येते, शब्द कळत नाहीत, आणि म्हातारी माणसे ‘काय म्हणाला?’ असे विचारून विचारून शेवटी विचारणेच सोडतात. ₹१,००० विजेच्या झटक्यापासून रक्षण करणाऱ्या जोडणीस, ₹५०० सुतारास. बेरीज बरोबर साठ हजार.

सुतार कशासाठी, असे कोणी विचारील. जुन्या घराच्या भिंती दगड-मातीच्या. त्यांत वीस-बावीस किलोंचे ओझे पेलणारा खिळा राहत नाही. म्हणून दोन्ही खांबांना धरून सागाची फळी ठोकली आणि संच तिजवर बसविला. खालची कड जमिनीपासून अडीच फूट, म्हणजे मध्य पावणेचार फुटांच्या जरासा वर. सतरंजीवरच्यास फार वर नाही, पलंगावरच्यास फार खाली नाही. शहरांतून शोभेसाठी संच छताजवळ टांगण्याची रीत पडली आहे. तिने मान दुखते, दुसरे काही साधत नाही.

आणलेला संच उभाच न्यावा, आडवा करू नये. आणणारी माणसे जाण्यापूर्वी तो लावून पडद्याचे चारही कोपरे पाहावेत. हमीपत्रात काचेची हमी किती वर्षांची हे वाचावे, आणि दुरुस्तीचा माणूस आपल्या गावी येतो की संच तालुक्यास न्यावा लागतो हे आधीच विचारावे. विजेचे म्हणाल तर असा संच साधारण १४० वॅट घेतो. रोज पाच तास चालला तर महिन्यास २१ युनिटे. आणि या मुलखात वैशाखातील वळीव मोठा कडाक्याचा. आभाळ गडगडू लागले की विजेची पिन काढावीच, शिवाय छतावरच्या तबकडीची तारही काढावी. अनेक संच या दुसऱ्या वाटेने आलेल्या विजेने जातात.

सायंकाळी माजघरात सर्वजण जमले. कोणी मुद्दाम समारंभ केला नाही. वहिनींनी फळीस हळदकुंकू लावले इतकेच. बातम्या लागल्या. थोरले भाऊ सवयीने खालची ओळ मोठ्याने वाचू लागले, कारण गेली दोन वर्षे ते आईसाठी ती वाचीत असत. कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, ‘राहू दे रे. उसाच्या दराचं आहे ना ते? वाचलंय मी.’

क्षणभर कोणी बोलले नाही. मग नातवाने आवाज दोन घरे वाढविला, आणि त्याही सवयीची आता गरज नाही असे सांगून आजींनी तो कमी करविला.

ज्येष्ठ येईल, पालखी येईल, ओसरी भरेल आणि रिकामी होईल. त्यानंतर उंडवडी, बारामती, इंदापूर ही उरलेली वाट वरवंडचे हे घर रोज सायंकाळी एकत्र बसून पाहील, आणि एकादशीच्या पहाटे आजींस पंढरपूर आपल्या पलंगावरून दिसेल. वाचकांपैकी ज्यांस असा संच घ्यावयाचा असेल त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी घरात एकदा टेप धरावा, आणि ज्याच्या जागेवरून सर्वांत कमी दिसते त्याच्या जागेवर स्वतः घटकाभर बसून पाहावे.